लागलं की सांगा

बादली परसात रिकामी करून गोमती आत आली, तर नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कुणीतरी चालून गेलं होतं. मागच्या दारापासून स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून पावलं उमटली होती. तांबूस, आणि सगळी एकाच पायाची. तिला आधी कुंकू सांडलंय असं वाटलं. वाकून बोट लावलं, तर चिकट.

पावलं झोपाळ्यापाशी संपत होती. झोपाळ्यावर तिचा नवरा जानकीराम शांतपणे फिल्टरची कापी पीत बसला होता. फरशीकडे बघून त्यानंच विचारलं, "कोण आलं होतं गे?"

गोमती त्याच्यापुढे खाली बसली.

"तुमचा पाय दाखवा."

"माझा कशाला? मज कांही लागलं नाही."

उजव्या तळव्यात, बोटांच्या मुळाशी, धातूची कपची रुतली होती. जानकीराम स्वामीमलैच्या कारखान्यात मूर्ती घासायचा. अठ्ठावीस वर्षं मांडी घालून, कानस हातात धरून. कपची तिथलीच. म्हणजे ती घेऊन तो काल संध्याकाळी बसनं कुंभकोणमला आला, जेवला, झोपला, सकाळी आंघोळही केली. गोमतीनं ती ओढून काढली तेव्हा तो नुसता बघत राहिला. पाय जणू शेजाऱ्याचा होता.

तीन वर्षांपासून न्हाणीघरात तो लघवीला जाऊन आला की मोरीपाशी मुंग्यांची रांग लागायची. सासरे कृष्णराव होते तेव्हाही लागायची. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला आणि पुढच्या आडी महिन्याच्या आत ते गेले. जानकीरामची थोरली बहीण जयश्री दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती दबक्या आवाजात सांगायची, "मुंग्या ह्या घरच्या पुरुषांना न्यायला येतात. आजोबांना आल्या, बाबांना आल्या. त्याला डॉक्टर काय करील?" जानकीराम कुणी बघायच्या आत मोरीवर पाणी ओतायचा. गोमतीनं रांग बघितली होती. तीही बोलली नव्हती. बोललं तर ते खरं होईल, अशी धास्ती होती.

इस्पितळात रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. जखम आतून पसरली होती. दोन बोटं काढावी लागली. "मुंग्या साखरेला येतात," डॉक्टर एवढंच म्हणाले.

मग एक दिवसाआड आरोग्य केंद्राची नर्स सौंदर्या पट्टी बदलायला घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं तमिळमध्ये विचारलं, "काय काय खातात हे?"

"सकाळी इडली. दुपारी भात. सांबाराशी, रसमाशी, मग ताकाशी. रात्री उरलेला भात. चार वेळा कापी, दोन-दोन चमचे साखर."

"आणि भाजी?"

"तोंडी लावायला."

सौंदर्यानं पट्टीची गाठ मारली. "वडिलांना मधुमेह होता, म्हणजे यांना धोका जास्त. पण होणारच असं नव्हतं. तिशीपासून तपासलं असतं, भात कमी केला असता, रोज तासभर चालले असते, तर टळलंही असतं. निदान बोटं तरी राहिली असती."

गोमती उठून आत गेली. तीस वर्षं ज्या भातवाढीनं ती वाढत होती, ती हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. त्या दिवसापासून ताटात भात मूठभर आला. बाकी शेवग्याचा पाला, पडवळ, उकडलेल्या हरभऱ्याची सुंडल, रात्री नाचणीची भाकरी. जानकीराम कुरकुरला, पण जेवला. गोळ्याही वेळेवर घेऊ लागला. तिसऱ्या महिन्यात साखर उतरली, जखम कोरडी झाली.

शेवटच्या पट्टीच्या दिवशी जयश्री गोड पायसमचा डबा घेऊन आली होती. सौंदर्यानं तिच्याकडे बघितलं. "तुम्ही यांची सख्खी बहीण ना? पाय बघू."

जयश्री हसली. "मी बाई गे! आमच्यात ते पुरुषांनाच."

तरी तिनं पाय पुढे केले. सौंदर्यानं पिशवीतून नायलॉनचा एक जाडसर तंतू काढला. "डोळे मिटा. लागलं की सांगा."

तंतू अंगठ्याला टेकला, वाकला. टाचेला टेकला. करंगळीला. जयश्री गप्प. सौंदर्यानं हात मागे घेतला आणि तंतू स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"लागलं," जयश्री म्हणाली.

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. जानकीरामनं मान खाली घातली. सौंदर्या पिशवीतून बोट टोचायची सुई शोधू लागली.

जयश्री डोळे मिटूनच बसली होती, लपाछपीत राज्य आलेल्या मुलीसारखी, ओठांवर थोडं हसू घेऊन. मग तिनं घरच्या मराठीत विचारलं, "गोमती, आतां उघडूं कां?"

गोमती तिच्याजवळ जाऊन बसली. पायाला नाही, तिनं जयश्रीच्या हाताला हात लावला.

"थोडं थांबा, अक्का," ती म्हणाली.