रंगमंचाखालचा दिवा

मी एक जुना पितळी दिवा आहे. जर्मनीतल्या एका लहान गावच्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या पुढच्या काठाशी, जमिनीखाली एक खोपटी आहे. नट ओळ विसरला की तिथे बसलेली बाई ती हळूच सांगते. तिच्या पानावर उजेड पाडणं हे माझं काम.

मित्रांनो, अंधाराला सगळ्यात जास्त घाबरतो तो दिवाच.

तिथे बसणाऱ्या इर्मट्राउटबाईंचा शेवटचा दिवस अगदी रोजच्यासारखा होता. दुपारची तालीम, पुदिन्याचा चहा. रंगभूषा करणारा उल्फ वाकून म्हणाला, "बाई, तुमचं बीळ बुजवून तिथे बिअरची पिंपं ठेवणार आहेत म्हणे!"

"ठेवू देत. नट तरी खूश होतील."

नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे बाईंना त्याच्या श्वासावरून कळायचं. त्या दिवशी तालमीत त्यांची नटी असलेली मुलगी स्वान्ये बोलता बोलता अडखळली. बाईंनी ओळ सांगितली.

"आई, मी थांबले होते, विसरले नव्हते! तू नुसती टपून बसतेस."

बाईंनी पान उलटलं. पण मला खालून स्वान्येची नजर दिसली होती. अडखळताना ती खोपटीकडेच वळली होती.

त्या रात्री बाई झोपेतच गेल्या.

पुढच्याच महिन्यात नाट्यगृहाचं अनुदान बंद करायचं की नाही, हे ठरवायला नगरसभा इथेच भरली. अनुदान गेलं तर दारं बंद. सभा सुरू व्हायच्या आधी स्वान्येने खोपटीत उतरून मला लावलं. तिचा हात गार होता. मित्रांनो, कुठलाही दिवा काढून टाकण्याआधी त्याच्या उजेडात कोण बसत होतं, एवढं तरी विचारा.

"अमेरिकेत नाटकं देणगीदारांच्या जिवावर चालतात," नगरसेवक रायमर्स म्हणाले. "इंग्लंडात लॉटरीतून पैसा येतो. मग आपणच तिजोरी का उघडायची?"

"देणगीदाराला नाटक नाही आवडलं तर, रायमर्स साहेब?" स्वान्येने रंगमंचावरून विचारलं. "इथे तिजोरी सगळ्यांची आहे, म्हणून तुमच्या पाववाल्यालाही तिकीट परवडतं. त्याची मुलगी आमच्याबरोबर गाते."

"आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात, त्याचं काय?"

स्वान्येने उत्तर पाठ केलं होतं. तोंड उघडलं, पण शब्द येईनात. सगळे वाट बघत होते. माझ्याशेजारी कुणीच नव्हतं.

ती खोपटीकडे वाकली आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, विसरले गं. तेव्हाही विसरलेच होते. पुढचं सांग."