परत केलेला विडा

ओर्पा ओसरीत मागावर बसली होती. तेवढ्यात खालच्या रस्त्याला जीप थांबली आणि नवऱ्याचा चुलतभाऊ सालमुन मण्यांची पानपेटी घेऊन टेकडी चढून आला. नवरा मक्याच्या शेतावर गेलेला. नेमका असाच दिवस ह्यांना कसा सापडतो, असं तिच्या मनात आलं.

"वहिनी, क्वालालंपूरला छान घर मिळालंय आपल्या वेल्मीला. एका म्हातारीला सांभाळायचं, बस्स."

पेटी त्याने ओसरीतच बसलेल्या ओर्पाच्या सासूपुढे सरकवली. तिमोरच्या त्या डोंगरात अशा पेटीतली सुपारी तोंडात टाकली की शब्द दिला, मग माघार नाही. पोरींना परदेशी कामाला नेणारे दलाल हेच हेरून येतात. शेजारच्या नान्सीच्या आईनेही ती खाल्ली होती. दोन वर्षं मुलीचा आवाज नाही, तरी शब्द दिला म्हणून ती माउली तक्रार करत नाही.

"म्हातारीचं नाव काय?" ओर्पाने विचारलं.

"तिच्या नावाने प्रार्थना करायचीय का?" सालमुन हसला.

"पोरीशी फोनवर बोलता येईल?"

"फोन मालकीणबाई जपून ठेवते. पोरी हरवतात हो!"

"मग जन्माचा दाखला शोधते."

"नको, नको! कागद तयारच आहेत."

कुणी न मागता तयार झाले? ओर्पाने हात पुढे करून त्याच्याकडून कागद घेतला. फोटो वेल्मीचाच होता. नाव भलतंच, वय एकवीस. वेल्मी पंधराची.

सासूची बोटं सुपारीपर्यंत पोचली होती. ओर्पाने झाकण लावलं.

"अगं, पाहुण्याची पेटी मिटतात का? घराण्याला बट्टा लावलास!"

दारातून वेल्मी रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, काल बाजारात काकांनी मला सुपारी दिली. मी खाल्ली गं."

"बघा," सालमुन शांतपणे म्हणाला, "शब्द झालाय."

ओर्पाने कमरेला बांधलेला मागाचा पट्टा सोडला, उठली. पेटी त्याच्या हातात ठेवली, कागद मात्र दिला नाही. "ह्या नावाची, ह्या वयाची मुलगी माझ्या घरात नाही, भाऊजी. शब्द तिच्याकडून घ्या."

ती तशीच टेकडी उतरली. जीपमध्ये आणखी दोन मुली बसल्या होत्या, केस चापूनचोपून विंचरलेल्या.

"पोरींनो, खरं वय सांगा."

एकीने दार उघडून उडी मारली. दुसरी समोर बघत राहिली. मागून सालमुन ओरडला, "चल, काढ गाडी!"

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. ओर्पा पुढच्या चाकांसमोर मांडी घालून बसली.

"ती आतली पोर बोलेपर्यंत मी इथंच आहे."