करंटबाबांची गाडी आणि फुलीबाईची परीक्षा

कळसाडीच्या मारुतीसमोर त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती, की शेतात कापूस वेचायला कोणी उरलंच नव्हतं. जानेवारीची कोरडी थंडी, फुटलेले ओठ, आणि लोक झटका खायला रांगेत उभे. होय, झटकाच. पांढऱ्या गाडीतून तेजनाथ महाराज रबरी चपला घालून उतरायचे, समोरच्याच्या कपाळाला बोट लावायचे, 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि भक्त दचकून मागे सरायचा. जो दचकला तो पुण्यवान. लोक त्यांना प्रेमानं करंटबाबा म्हणत.

महाराजांची शक्ती अफाट, पण भारी नाजूक. एका भक्ताला पुरली की संपली. मग ते पुन्हा गाडीत जाऊन बसत, सीटवर डावीकडे सरकत, उजवीकडे सरकत, आणि काळ्या चष्म्यातला शिष्य ओरडे, "शांतता! महाराज शक्ती भरत आहेत!" ब्रह्मांडाची शक्ती सीटवर बूड घासल्याशिवाय का भरत नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पावसाळ्यात महाराज दर्शन देत नसत. तेव्हा म्हणे त्यांचं मौन असतं.

माझं नाव भिला. गाव कळसाडी, शहाद्याला गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. बारावीला विज्ञानानंच मला घरी बसवलं, तेव्हा मोठ्या गोष्टी मी बोलत नाही. पण दर हिवाळ्यात दहा-बारा गिऱ्हाइकं भांडायला येतात की तुझ्या कव्हरात करंट आहे. त्यामुळे हा 'टक्' माझ्या रोजच्या ओळखीचा. मी आपला कडेला उभा राहून मजा बघत होतो.

बाबांना गावात आणलं होतं हिंमतआबांनी, गावातल्या बड्या शेतकऱ्यानं. त्यांच्या आईला, धनूमायला, तीन आठवडे ताप होता. आरोग्य उपकेंद्रातल्या प्रिस्किला सिस्टरनं रक्त तपासून टायफॉइड सांगितला, गोळ्या दिल्या. बाबांनी गोळ्या बंद करायला लावून झटके सुरू केले. चार झटके झाले, ताप होता तिथेच. आता बाबाचा इलाज फसला की डाकीण सापडायलाच हवी. नाहीतर दोष बाबाकडे नाही का जायचा?

"या घराला कोणाची तरी नजर आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "घरात वावरणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होईल. शुद्धाला शक्ती लागेल. डाकिणीला ती शिवणारसुद्धा नाही."

पहिला मान अर्थात आबांचा. महाराज उतरले, टक्! आबा कृतार्थ. महाराज आत गेले, सरकले, उतरले, टक्! थोरला मुलगा शुद्ध. मग धाकटा, मग दोघी सुना. शेवटी फुलीबाई राहिली. ती तोरणमाळची. दर हिवाळ्यात कापूस वेचायला यायची, आबांच्या मळ्यात झोपडी करून राहायची. धनूमायचं अंग तापलं की ओल्या फडक्यानं पुसणारी तीच.

या खेपेला महाराज सावकाश उतरले. उतरताना दार जिथे अडकतं ती लोखंडी कडी त्यांनी मुठीत धरली. मग फुलीबाईच्या कपाळाला बोट लावलं. आवाज नाही. ती जागची हलली नाही.

"डाकीण!" महाराज गरजले.

गर्दी एका दमात मागे सरली, आणि दुसऱ्या दमात कोणी कोणी वाकून दगड उचलले. "ऊन उतराना आत गावबाहेर निंघ," आबा म्हणाले. फुलीबाईनं पदर दातात धरला. तिच्या पाड्यावर असा ठपका आलेल्या बाईचं पुढे काय झालं होतं, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. मला भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली, कारण मी अजूनही कडेलाच उभा होतो.

मी मध्ये घुसलो. "आबा, एक मिनिट! मागला हिवायामा तुम्ही मन्हा दुकानवर कसाले उनथात?"

"आते ते काबर काढस?" आबा भडकले. "गाडीमाईन उतरताना झटका लागे म्हनीसन उनथू."

"मंग मी काय सांगं?"

"लोखंड धरीसन उतर, म्हने. धरं, आनि बंद व्हयना."

"मंग आते बाबानी उतरताना काय धरं?"

आबांनी वळून गाडीच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा झटका लागला तेव्हा ते मला शिव्या देत आले होते. तोच झटका बाबांच्या गाडीचा लागला, तर नारळ घेऊन आले.

"मूर्खा!" महाराज कडाडले. "ती भौतिक वीज! ही ब्रह्मांडाची! दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, बच्चा!"

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "फुलीबाईला तुमच्या सीटवर बसू द्या. ती डाकीण असली तर शक्ती तिला शिवणार नाही. तुम्हीच म्हणालात."

"गाडी बाटेल!" शिष्य आडवा आला. पण गर्दीला आता तमाशा हवा होता, आणि गर्दी कोणाचीच सगी नसते. "बसू द्या! देखू तं!" असा गलका झाला. धनूमायला बघायला आलेल्या प्रिस्किला सिस्टरनं शिष्याला बाजूला सारून दार उघडलं. "बसा मावशी," ती म्हणाली, "मी उभी आहे इथे."

फुलीबाईनं दर्शनासाठी काढलेली रबरी चप्पल पायात घातली. अंगावर सिंथेटिक साडी होतीच. मी सांगितलं तशी ती सीटवर सरकली आणि कशालाही हात न लावता खाली उतरली. सरळ महाराजांपुढे गेली आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

टक्!

"अयाई व!" महाराज किंचाळले. इतका वेळचं ब्रह्मांड एका क्षणात अहिराणीवर आलं. हसता हसता लोकांच्या हातातले दगड गळून पडले.

फुलीबाई हसली नाही. ती पुन्हा गाडीत बसली. या वेळी ती लोखंडी कडी घट्ट धरून उतरली आणि आबांच्या कपाळाला बोट लावलं. काहीच झालं नाही.

"आबा," ती शांतपणे म्हणाली, "तुला नाही लागलं. आता तू डाकीण का?"

आबांनी आपल्याच कपाळाला हात लावून पाहिला.

मग मी दुकानात सांगतो तेच सांगितलं. थंडीत हवा कोरडी असते. अशा हवेत आपले कपडे सीटच्या कापडावर घासून सुटले, की अंगावर थोडी वीज साठते. रबरी चप्पल तिला जमिनीत जाऊ देत नाही. मग ज्याला आधी बोट लागेल, त्याच्यावर ती उडी मारते आणि संपते. म्हणून बाबांना दरवेळी सीट घासायला आत जावं लागतं. लोखंड धरून उतरलं, तर ती तिथूनच निघून जाते. पावसाळ्यात हवा दमट, अंगावर वीज टिकतच नाही. म्हणून तेव्हा मौन.

"आणि बाईला डाकीण ठरवणं हा गुन्हा आहे," प्रिस्किला सिस्टर म्हणाली. तिनं आधीच फोन केला होता. पोलीस आले तेव्हा महाराज गाडीत बसून होते; चावी तेवढी आबांनी काढून खिशात घातली होती. धनूमायच्या गोळ्या त्याच दुपारी पुन्हा सुरू झाल्या. ताप उतरायला आठवडा लागला. औषधाला वेळ लागतो. चमत्कार काय, लगेच होतो.

संध्याकाळी मी आबांबरोबर मळ्यात गेलो. फुलीबाई भांडी गोणीत भरत होती. आबांनी हात जोडले. "फुलीबाई, चुकनू मी. जाऊ नको."

"करंट गाडीचा होता, ते कळलं," ती म्हणाली. "पण दगड तर बाबानं नाही उचलला. तुमी उचलला. सात वरीस मी तुमच्या घरात पाणी भरलं, आबा. तुला एकदा तरी मला विचारावं वाटलं का?"

आबांचे जोडलेले हात खाली आले. तो प्रश्न मलाही होता. बाबाची लबाडी मला पहिल्याच झटक्याला कळली होती, आणि तिच्या अंगावर येईपर्यंत मी गंमत बघत राहिलो. ती गोणी डोक्यावर घेऊन गेली, ती पुन्हा कळसाडीला आली नाही.

तेव्हा लोकहो, हिवाळ्यात गाडीतून उतरताना लोखंड धरा, झटका लागणार नाही. आणि कोणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "पुन्हा करून दाखव, पण आता आम्ही सांगू तसं." हे म्हणायला बारावी पास असावं लागत नाही. फक्त वेळेवर म्हणावं लागतं.