लाकडी दातांचा मांसाहारी

साहेब, तुम्ही दवबिंदूच्या रोपाला खिडकीतून हाकललंत आणि मला किड्यांच्या तोंडी दिलंत. वर आता मलाच किडका म्हणून बाहेर काढायला निघालात. ही कुठली रीत?

मित्रांनो, साहेब ऐकत नाहीत. पेंढ्याला बोलता येत नाही अशी त्यांची समजूत आहे. म्हणून तुम्ही ऐका.

मी एक जुना, पेंढा भरलेला वाघ आहे. जिवंतपणी काय काय खाल्लं ते मला आठवत नाही, कारण ते पोटाबरोबरच गेलं. मला घडवणाऱ्याने आत लाकडाचा सांगाडा घातला, तारा पिळल्या आणि पेंढा ठासला. माझे खरे दात कुणीतरी आठवण म्हणून खिशात घातले होते, म्हणून त्याने लाकडाचे कोरले. डोळे हरणासाठी मागवलेले होते, तेच मला बसवले. त्यामुळे मी गुरगुरतोय की माफी मागतोय, हे बघणाऱ्याला नीट कळत नाही. मग मला संग्रहालयाच्या या दालनात उभं करून शेजारी पाटी ठोकली : ‘मांसाहारी’. पाटीवर माझ्याकडे रोखलेला लाल बाण. पोटात गवत आणि नाव मांसाहारी. तेव्हाच मी समजलो, इथे पाट्या न बघता लावतात.

माझे बरे दिवस होते. पोरं मला बघून आईच्या पदराआड लपत. दालनाची राखण करणाऱ्या मावशी रोज माझ्या मिशांवरची धूळ झटकत आणि बजावत, “हलू नकोस, डोळ्यात जाईल.”

खिडकीत एका कुंडीत दवबिंदू होती. इवलंसं रोप, तांबूस पानं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकता थेंब. मावशींना वाटायचं तिला ताप भरलाय. त्या रोज ओल्या फडक्याने तिचा घाम टिपायच्या. ती बिचारी पुन्हा थेंब तयार करायची, मावशी पुन्हा टिपायच्या. शेवटी बुरशीवर संशोधन करणाऱ्या बाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“मावशी, घाम नाही तो. लाळ समजा. माशी चिकटली की पान मिटतं आणि तिला जिरवतं. तिच्या मातीत सत्त्व नसतं, म्हणून ती किडे खाते.”

मावशींनी फडकं खाली ठेवलं आणि जेवणाचा डबा उचलून खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. “एवढे दिवस हिला तोंड पुसून उपाशी ठेवली म्हणायची मी,” त्या म्हणाल्या. “राग धरू नकोस गं बाई.”

संशोधक बाईंनी आपली बुरशीही आणली होती. सूक्ष्मदर्शकातलं चित्र त्यांनी पडद्यावर दाखवलं. बुरशीच्या धाग्याला बारीक कडं होतं. दोऱ्यासारखा एक किडा वळवळत कड्यात शिरला आणि कडं पटकन फुगून आवळलं गेलं.

“फास लावते मेली,” मावशी म्हणाल्या. “आणि दिसते कशी, पावावर आल्यासारखी.”

बाईंची मागणी साधी होती. दवबिंदू आणि बुरशी, दोघींनाही माझ्या दालनात पाटीसकट जागा द्या. तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आले.

“दात दाखवा,” साहेब म्हणाले.

“दात नाहीत हो यांना.”

“मग कसल्या मांसाहारी? दात असेल तो मांसाहारी. हा बघा.” असं म्हणून त्यांनी माझ्या सुळ्यावर टिचकी मारली. टक् असा लाकडाचा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला, साहेबांना सोडून. दवबिंदूची रवानगी वनस्पतींच्या दालनात झाली, बुरशी आल्या वाटेने वर गेली.

मित्रांनो, त्या खिडकीतून तिळाएवढे ठिपकेदार किडे आत येतात. बाहेरच्या फुलांवर चरतात आणि अंडी घालायला जुनं चामडं शोधत फिरतात. इतकी वर्षं ते आधी दवबिंदूच्या पानाला चिकटत. ती गेल्यावर माझ्यापर्यंत वाट मोकळी झाली. त्यांच्या केसाळ अळ्यांनी माझा डावा कान संपवला, मग शेपटी, मग पोटाची शिवण. एकीलाही सांगण्यासारखे दात नाहीत.

वाघ गेला तर दालन बंद होणार आणि मावशींना फाटकावर उभं राहावं लागणार, दुखऱ्या गुडघ्यांनी, उन्हात. म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या दिरांना बोलावलं. ते सोफे शिवतात.

“वहिनी, शिवायला कातडं तर हवं,” ते म्हणाले. “शेपटी देतो लावून. मखमल उरलीय घरी.”

“रंग कुठला?”

“जांभळा.”

“भावजी, वाघ आहे तो. नवरी नाही.”

त्यांनी माझ्या पाठीवरची एक अळी अंगठ्यावर घेतली, पाटी वाचली आणि हसले. “पाटी खरी आहे हो वहिनी. बाण तेवढा चुकलाय. तो वाघाकडे कशाला? वाघावर जेवायला बसलेत त्यांच्याकडे करा.”

काल साहेबांनी हुकूम सोडला : पुढच्या आठवड्यात वाघ काढा. मावशींनी धीर करून सांगितलं, “ती गेल्यापासून झुरतोय तो, साहेब. तिला परत आणून बघा.”

“रोपाचा वाघाशी काय संबंध?” साहेब म्हणाले.

मित्रांनो, मावशींचं कारण चुकलं, पण औषध बरोबर आहे. जुनी वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, तिच्याभोवतीचं काही हलवण्याआधी नीट बघा. तिला जपणारं कुणीतरी तिथेच, कुंडीत गप्प उभं असेल.

आणि साहेब, आता तुमच्याकडे वळतो. जेवण झालं की तुम्ही याच गार दालनात खुर्ची टाकून डुलकी काढता. तुमचा पाण्याचा पेला माझ्या पंजापाशी असतो आणि त्या पेल्यात तुमची कवळी असते. वरची आणि खालची, दोन्ही. दात असेल तो मांसाहारी, हा तुमचाच नियम. मग तेवढा वेळ तुम्ही कोण असता, आणि तुम्हाला उचलून कुठल्या दालनात ठेवायचं?

कवळी घाला आणि उत्तर द्या.