कानावरचे सपाट केस

राजाच्या कानावरचे केस सपाट होते. बाकी सगळं रेखीव, दाढीचा केस न् केस वेगळा. पण कानाच्या वर, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, नुसता गुळगुळीत उंचवटा.

झीज, की ठसाच कमजोर? राजेश्वरीने सोन्याची गिनी पुन्हा दिव्याखाली फिरवली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. धड बसवत नव्हतं की उठवत.

तुर्भ्याच्या कारखान्यात ती धातू तपासायची. वाशीत स्वतःची प्रयोगशाळा काढायची, हे कित्येक दिवस नुसतं बोलण्यात होतं. शेवटी सासूबाईंनी, जयमालाबाईंनी, आपली गिनी पुढे केली. मुंबईच्या टाकसाळीतली, शंभरेक वर्षांची. उत्तम प्रतीची ठरली तर सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट पैसे येतील. मग नोकरी सोडायची की नाही, हा निर्णयच राजेश्वरीने गिनीवर सोडून दिला.

नेरूळचे रावसाहेब, नाण्यांचे जुने संग्राहक, सोफ्यावर चहा पीत होते.

"चमक बघा," ते म्हणाले. "सपाट जागेवरूनही अखंड सरकतेय. झिजली असती तर तिथे तुटली असती. ठसा जोरात बसला नाही, एवढंच. ही हातोहाती फिरलेली नाही."

"म्हणजे लॉटरीच की!" तिचा नवरा सुधीर म्हणाला.

राजेश्वरीने मात्र गिनी कलती धरली होती. राजाच्या नाकापुढच्या मोकळ्या जागेत बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने.

"आई, ही कशाने घासायचात?"

"रिठ्याने. दर लक्ष्मीपूजनाला, चांगला ब्रश मारून," जयमालाबाई अभिमानाने म्हणाल्या. "लक्ष्मी काय मळकट पूजायची?"

रावसाहेबांनी भिंग मागून घेतलं, पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "वहिनी, मळकट पूजली असतीत तर जास्त प्रसन्न झाली असती. घासलेल्या नाण्याला संग्राहक जास्तीचा पैसा देत नाहीत. आता फक्त सोन्याचा भाव."

"आई, तू पण ना!" सुधीर म्हणाला.

"मला मेलीला काय ठाऊक?"

सुधीर राजेश्वरीकडे वळला. "टेन्शन नको घेऊस. नोकरी आहेच. पुढच्या वर्षी बघू."

गिनी नापास झाली की आपण सुटलो, असं आठवडाभर तिला आतून वाटत होतं. पण सुटल्यासारखं वाटेना. पुढच्या वर्षी पुन्हा काहीतरी दिव्याखाली धरून बसायचं?

तिने गिनी कडेने धरून सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

"देव्हाऱ्यात ठेवा, आई. घासा हवी तेवढी." मग ती सुधीरला म्हणाली, "मोठी प्रयोगशाळा नाही तर नाही, छोटा गाळा भाड्याने घेऊन सुरू करू. मी उद्या राजीनामा देतेय."