सातवी गाठ

"थांबा रे, काका यायचेत अजून," म्हणत चंद्रकलेनं उघडलेली वही पुन्हा मिटली.

वखारीतल्या गोणपाटांवर बसलेली पाच मुलं गप्प झाली. रघूनं तेवढं तोंड वाकडं केलं. "आपल्यावर नजर ठेवणारा माणूस वेळेवर येत नाही म्हणून आपण खोळंबायचं. असं मंडळ साऱ्या मुंबई इलाख्यात सापडायचं नाही."

"नियम म्हणजे नियम. अर्धवट ऐकलं तर अर्धवट सांगतील. मग तूच ओरडशील."

एवढ्यात दारात छत्री झटकल्याचा आवाज झाला आणि सावळाराम आत आला. कमरेला कचेरीचा पट्टा, पट्ट्यावर घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला, हातात चपला. "सायबांनी टपालाला धाडलं होतं," तो ओशाळून म्हणाला आणि भिंतीकडेच्या आपल्या गोणपाटावर बसला. खिशातून वीतभर सुतळी काढून त्यानं मांडीवर ठेवली. "हां, चालू द्या."

सहा महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेही असंच. मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार या धास्तीनं घरच्यांनी ही कॉलेजातली मुलं शहापूर-मुरबाडकडे परत आणली होती, आणि पुढे कॉलेजं उघडली तरी पाठवली नव्हती. मुलांनी येताना वह्या-पुस्तकांबरोबर आपलं शनिवारचं चर्चामंडळही आणलं. भात विकून रिकामी झालेली एक वखार मिळाली, आणि दर शनिवारी दुपारी जगाची उठाठेव सुरू झाली. हे पोलीस कचेरीतल्या जमादाराच्या कानावर गेलं. शिपाई पाठवावा तर मुलं ओळखणार, म्हणून त्यानं सावळारामला सांगितलं, "गुपचूप जाऊन बस. काय बोलतात ते सोमवारी मला सांगायचं."

सावळाराम वखारीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "राम राम. जमादारसायबांनी तुमचं बोलनं गुपचूप ऐकाया सांगितलंय. कुटं बसू?"

मुलांना आधी हसू आलं, मग राग आला. शेवटी चंद्रकलेनं उठून त्याला गोणपाट दिलं. चंद्रकला मुरबाडची. कॉलेजात गेलेली त्या बाजूची पहिलीच मुलगी. मामाकडे शहापुरात राहायची. चोरून ऐकणारा माणूस इतकं खरं बोलत असेल तर त्याला बाहेर कशाला बसवायचं, असं तिचं म्हणणं पडलं.

सावळारामला अक्षर येत नव्हतं. त्याचा बापही पट्टेवाला. गावोगाव तोंडी निरोप न्यायचा. एका निरोपाला सुतळीला एक गाठ. निरोप सांगितला की गाठ सोडायची. न सांगता गाठ सोडायची नाही, हे बापानं त्याला लहानपणीच बजावलं होतं. न सांगता सोडली तर तो माणूस खोटा. वखारीत सावळाराम बोलणाऱ्या प्रत्येकाची एक गाठ मारायचा.

सोमवारी जमादार कागद-टाक घेऊन बसायचा. सावळाराम पहिल्या गाठीवर बोट ठेवायचा.

"ही रशियाची."

"हां! काय म्हणाले रशियाबद्दल?"

"तिकडं थंडी लई हाय, सायेब. मानसाला पायात बूट लागतो. आनि जमीन कसनाऱ्याची म्हनं."

"कोण म्हणालं?"

"चांगला पोरगा हाय. त्याला जरा सर्दी झालती."

जमादार कपाळाला हात लावायचा आणि 'विशेष काही नाही' असं लिहायचा. गाठ सुटायची.

पण हळूहळू सावळारामला शनिवारची ओढ लागली. घरी गेल्यावर तो सुंदराला सगळं सांगायचा. "आज लोकशायी झाली. मंजी पाटलाला इचारायचं तसं धाऊ गवळनीलापन इचारायचं."

सुंदरा तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "धाऊला इचारतील. मला कोन इचारतंय? बैल इकलात तवा दावं रिकामं बघून मला कळलं."

निरोप पोचवण्यात सावळारामचा जन्म गेला होता. विचारण्याची त्याला सवय नव्हती, आणि त्याला तरी कोण विचारत होतं?

त्या शनिवारी वखारीत हवा निराळी होती. 'चले जाव'च्या ठरावानंतर पुढारी धरले गेल्याला आठवडा होत आला होता. तिघं त्यावरच बोलले, तीन गाठी झाल्या आणि मग रघू उभा राहिला. तो सापगावचा, भातशेतीवाल्या घरातला, घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला एकटाच. तो काय बोलणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"कसाऱ्याजवळच्या तारा तोडायच्या. मी ठराव मांडतो. नुसतं बोलून पुरे झालं."

सावळारामच्या बोटांनी सवयीनं गाठ मारली. मारल्यावर त्याला कळलं, ही गाठ जड आहे.

"काका बसलेत," कुणीतरी पुटपुटलं.

"बसू देत. चोरून कशाला बोलू?"

चंद्रकला विरोधात बोलली, उरलेला एक जण बोलला, आवाज चढले. सहा गाठी झाल्या. हात वर झाले तेव्हा तीन इकडे आणि तीन तिकडे.

चंद्रकलेनं वही चाळली. "नियम चौथा. दहा सभांना हजर असेल तो सभासद. काका सव्वीस सभांना हजर आहेत. रघू, तू एकोणीस." ती वळली. "काका, तुमचं मत?"

सावळारामनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"माजं?"

"तुमचंच."

पन्नाशीचा तो माणूस उभा राहिला, बिल्ला सरळ केला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"माजा भाव कसाऱ्याला रेलवेत होता," तो म्हणाला. "रूळ टाकताना गेला. तवा तार आली. तार आली म्हनून मी पोचलो, त्याचं तोंड दिसलं. तार सायबाची असंल, पन निरोप मानसाचा असतो. माजं मत... नाय. तोडू नये."

मग रघू खाली बसला. "ठीक. मंडळानं ठरवलं ते ठरलं."

सावळाराम सुतळीकडे पाहत राहिला. बोलला तो, म्हणजे गाठ मारायला हवी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या नावाची गाठ मारली. सातवी.

रविवारी दुपारपर्यंत बातमी शहापुरात आली. कसाऱ्याजवळ तारा तुटल्या होत्या. कुणी तोडल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रघूनं तोडल्या की आणखी कुणी, हे सावळारामलाही ठाऊक नव्हतं. पण रघू काय बोलला होता ते त्याच्या खिशात होतं.

तिन्हीसांजेला तो अंगणात सुतळी घेऊन बसला. सुंदरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुतळीकडे.

"सोडा की गाठी. कुनाला कळतंय?"

"न सांगता?"

"पोराला तुरुंगात घालतील वो. त्याची आय बाजाराला येते, मला दोडके देते."

"बापानं सांगितलंय, न सांगता सोडली तर..."

"मंग नेऊन सांगा बापाला," सुंदरा म्हणाली आणि ताडकन आत गेली.

सोमवारी जमादार उभाच होता. शेजारी दुसऱ्या गावचे दोन शिपाई. कागद मोठा होता.

"काढ सुतळी." त्यानं हातात घेऊन मोजली आणि परत दिली. "सात. आज मला थंडी-पाऊस नको. तारांचं कोण बोललं? गाठ धर आणि नाव सांग."

सावळारामनं पहिली गाठ धरली, नखानं उकलली आणि सोडली. तोंडातून शब्द काढला नाही. मग दुसरी धरली.

"अरे बोल ना!"

तिसरी सुटली. चौथी घट्ट बसली होती. रघूची. ती त्यानं दातांनी सोडवली. शिपाई पाहत राहिले. सावळाराम मान वर करत नव्हता. जमादाराला वाटलं भीतीनं. पण भीतीनं नाही, शरमेनं. चाळीस वर्षांत त्यानं एक गाठ न सांगता सोडली नव्हती, आणि आज बापासमोर उभं राहून एकेक सोडल्यासारखं त्याला वाटत होतं. पाचवी. सहावी.

एक उरली.

"ही माजी हाय, सायेब," तो म्हणाला. "ही सांगतो. तारांचं मी बोललो. तोडू नये बोललो. मत दिलं."

"मत?" जमादार एवढा चकित झाला की ओरडायचंच विसरला. "तुला कुणी विचारलं रे मत?"

"त्यांनी इचारलं, सायेब."

जमादारानं पट्टा मागितला. सावळारामनं तो काढला, धोतराच्या सोग्यानं बिल्ला एकवार पुसला आणि टेबलावर ठेवला. सातवी गाठ सांगून झाली होती, म्हणजे सोडायला हरकत नव्हती. त्यानं सोडली नाही.

त्याच आठवड्यात वखारीला कुलूप लागलं. चंद्रकलेला मामानं मुरबाडला पोचवलं. रघू सापगावात नव्हता. तो डोंगराकडे गेला, एवढंच त्याच्या आईनं दोडके मोजताना सुंदराला सांगितलं, आणि एक दोडका जास्त टाकला.

शनिवारी दुपारी सावळाराम घरीच होता. कमरेला हात गेला की पट्ट्याच्या जागी नुसतं धोतर लागायचं, आणि हात तिथेच थोडा वेळ रेंगाळायचा. सुंदरा दारात सूप घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"सुंदरा," तो म्हणाला. एरवी तो नावानं हाक मारायचा नाही. "तुजा भाव बोलतो मुरबाडला या, अर्धेलीनं जमीन कसा, अर्धं पीक आपलं. हितं ऱ्हायलो तर मजुरी. तुजं मत काय गो?"

सुपातला हात थांबला. सुंदरानं मागे वळून घरात पाहिलं. घरात कुणी नव्हतं.

"मला इचारता?"

"तुलाच."

तिनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मग बोलायला लागली. भावाच्या बायकोपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत. मध्येच रडली, मध्येच बैलाचा विषय काढला. सावळारामनं फक्त खिशातून सुतळी काढली, मांडीवर ठेवली आणि बायको बोलत असताना, आपल्या गाठीच्या शेजारी, बोटानं जागा चाचपली.