एन्योच्या पहाटेचा धोत्रा

मानोलच्या मते जगात औषधं दोनच. एक म्हणजे राकिया, घरी गाळलेली फळांची दारू, पोटात घेणं, आणि दुसरं म्हणजे राकिया छातीला चोळणं. बाकी सगळा पालापाचोळा. रोडोपी डोंगरांच्या घाटात चाळीस वर्षं बस चालवून त्यानं हे मत बनवलं होतं, आणि ते छातीशी धरूनच तो ग्यूर्गाशी सेहेचाळीस वर्षं संसार करत होता. ग्यूर्गा गावाची वैदूबाई. कुणाचं पोट धरलं, कुणाचं बाळ दूध पिईना, की माणसं तिच्या दारात. मानोल खिडकीतून ओरडायचा, "या, या! गवत आजच कापलंय!"

मार्चमध्ये ग्यूर्गाची थोरली बहीण त्सोना गेली आणि ग्यूर्गानं अंथरूण धरलं. रडली नाही, बोलली नाही. शहरातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली आणि सांगितलं, आजी, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. घरी येऊन ग्यूर्गा भिंतीकडे तोंड करून निजली ती निजलीच.

"अगं, तुला झालंय तरी काय?"

"अर्धा," ती म्हणाली.

आता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसाला साडेसत्त्याहत्तर आजार होतात. सत्त्याहत्तरांना नावं आहेत आणि त्यांचा झाडपालाही आहे. उरलेल्या अर्ध्याला नाव नाही. त्याचं औषध उगवतं, पण कोणतं ते कुणाला कळत नाही. म्हणून जूनमध्ये, संत एन्योच्या दिवशी, सूर्य वर यायच्या आत दवासकट सगळंच खुडायचं, त्याचा माणूस मावेल एवढा हार करायचा आणि आजाऱ्याला त्यातून आरपार काढायचं. त्यासाठी ग्यूर्गा आणि त्सोना दर वर्षी जोडीनं डोंगर चढायच्या.

यंदा एन्योच्या आदल्या दिवशी ग्यूर्गानं मानोलला हाक मारली. लोकरीचे मोजे कुठल्या फडताळात आहेत ते सांगितलं. कोबीच्या लोणच्याला मीठ किती ते सांगितलं. मग म्हणाली, "मला तो काळा झगा घाला. निळा नको, निळ्यात मी जाड दिसते."

"कधी घालायचा?"

"उद्यापासून दिवस उतरणीला लागतो. एन्यो कोट चढवून बर्फ आणायला निघेल. मीही निघते त्याच्याबरोबर."

बर्फात ब्रेक निकामी झाले होते तेव्हासुद्धा मानोल इतका घाबरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तो टोपली घेऊन निघाला. वाटेत शेजारीण स्तामेना आणि तिची बायकांची फौज डोंगराकडे चालली होती.

"अगंबाई, मानोल! रस्ता चुकलास की काय? दारूचं दुकान खाली आहे."

"गप ग भवाने," मानोल म्हणाला, आणि लाजेनं डोंगर सोडून सडकेनंच चालू लागला. सडक त्याच्या ओळखीची होती. हिरवं दिसलं की खुड, असा त्यानं सपाटा लावला. मोजणी बावन्नवर घोटाळली, म्हणून पुन्हा चाळीसपासून धरली. अर्ध्याचा प्रश्न त्यानं एक पान मधोमध फाडून सोडवला. हार गुंफायला गोल काहीतरी हवं होतं. निवृत्तीच्या दिवशी बसचं स्टिअरिंग त्यानं आठवण म्हणून काढून आणलं होतं, ते कामी आलं.

अजून सूर्य आला नव्हता. त्यानं ते हिरवं प्रकरण ग्यूर्गाच्या पलंगासमोर धरलं.

"चल, जा यातून."

ग्यूर्गानं मान वळवली. हार वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"यातून माझं डोकं जाईल. बाकीची मी कुठे ठेवू?"

"तू आधी डोकं तर घाल!"

तिनं हात लांब करून एक डहाळी ओढली. "हा बटाट्याचा पाला आहे." दुसरी ओढली. "हा स्तामेनाचा लसूणघास. शेळ्यांना घालतात." मग ती एकदम कोपरावर उठली. "आणि हे? अरे मेल्या, हा धोत्रा आहे! मला मारायला निघालास?"

"तुला मरायचंच होतं ना!" मानोल ओरडला. त्याचा आवाज फाटला. "झगा तूच सांगून ठेवलास ना?"

ग्यूर्गा पलंगावर उठून बसली.

"मरेन," ती म्हणाली, "पण धोत्र्यानं नाही. जन्म झाडपाल्यात घालवला आणि शेवटी ओळखता आला नाही, असं म्हणेल ती स्तामेना. माझे बूट कुठे आहेत?"

बूट पलंगाखालीच होते. मानोलनं गुडघ्यांवर बसून ते तिच्या पायात चढवले.

डोंगर ती कशीबशी चढली. मानोल रिकामी टोपली काखेत मारून मागून ढकलत होता आणि ती शिव्या देत होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली, एका दगडाला हात लावला आणि म्हणाली, "त्सोना इथे बसायची. दम लागला तरी कबूल करायची नाही रांड, बुटात खडा गेला म्हणायची." आणि तिला रडू फुटलं. तीन महिन्यांचं सगळं रडू तिथे, नाक पुसायचं भान न ठेवता. मानोलला काय करावं कळेना. त्यानं आपली टोपी तिच्या हातात दिली आणि तिनं त्या टोपीत नाक शिंकरलं.

माथ्यावर पोचले आणि सूर्य आला. बायकांनी पटापट सूर्याकडे पाठ केली. एन्योच्या उन्हात आपली सावली बघायची असते. सावली धड असली तर वर्ष धड जातं. सावलीला डोकं नसलं तर माणूस पुढचा एन्यो बघत नाही.

ग्यूर्गाही वळली, सवयीनं. मानोलनं तिच्या आधी तिची सावली पाहिली. पाय होते, झगा होता, खांदे होते. डोकं नव्हतं. उतारावर एक काटेरी झुडूप माजलं होतं आणि मानेपासून वरची सगळी ग्यूर्गा त्याच्या गचपणात गेली होती.

हा नुसता झुडपाचा खेळ आहे, हे सांगायला मानोलनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. या सगळ्या बायकांसमोर, हिच्यासमोर, काय सांगणार? हिचा तर यावर विश्वास आहे.

ग्यूर्गा सावलीकडे बघत होती. मग तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. स्तामेना आपलीच सावली न्याहाळण्यात गुंग होती. ग्यूर्गानं झगा जरा उचलला आणि हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, दोन पावलं बाजूला सरकली. झुडपाच्या कडेनं डोकं बाहेर आलं, रुमालाच्या गाठीसकट.

मानोलनं घाईघाईनं पाठ फिरवली आणि काहीच न पाहिल्यासारखा रिकाम्या टोपलीत तोंड घालून रडला.